धनाजीचा भोंगा

"एकदाच का वाजला?"

माई तांदूळ निवडत होत्या. हातातलं सूप हलायचं थांबलं नाही.

"काल सकाळच्या भरतीला वाजला. सगळ्या गावानं ऐकला. संध्याकाळच्या भरतीला गप्प. आज सकाळी पुन्हा गप्प. सांगा ना माई, एकदाच का?"

"बस."

"बसायला वेळ नाही मला."

"मग उभा राहा."

कमळाकर बसला.

टेकडी पळत चढून आल्यामुळे त्याला धाप लागली होती. छातीशी धरलेला डबा श्वासाबरोबर वरखाली होत होता. डब्यातून तारा लोंबत होत्या, झाकण सुतळीने बांधलेलं होतं, आणि आत हिरव्या पट्टीवर एक काळी चिप बसवलेली होती. खाली खाडीच्या बांधावर, खांबाला जो भोंगा टांगला होता, त्याला कधी ओरडायचं ते ह्या डब्याने सांगायचं असे.

आता सांगत नव्हता.

त्या गावाची सगळी भातशेती खाडीला लागून. मध्ये फक्त मातीचा बांध. बांधात पाण्यासाठी एक दार ठेवलेलं, त्याला उघाडी म्हणतात. ओहोटीला उघाडी मोकळी ठेवायची, म्हणजे शेतातलं जादा पाणी खाडीत जातं. भरती चढायच्या आत फळ्या टाकून ती बंद करायची. ते चुकलं तर खारं पाणी भातात शिरतं, आणि मग त्या जमिनीत कितीतरी वर्षं नुसता लव्हाळा उगवतो. भरतीची वेळ रोज पुढे सरकते. माणूस चुकतो, झोपतो, जत्रेला जातो.

म्हणून कमळाकरच्या थोरल्या भावाने, धनाजीने, डबा बनवला होता. भरतीच्या बराच आधी भोंगा वाजायचा. पाळीचा माणूस शेताच्या दुसऱ्या टोकाला असला तरी रमतगमत उघाडीवर पोचायचा.

धनाजी हे माईंकडे शिकला. माईंची उमर शहरात संगणक घडवण्यात गेली होती. एक दिवस त्या सगळं सोडून ह्या टेकडीवर, शंकराच्या देवळाशेजारच्या धर्मशाळेत राहायला आल्या. का आल्या ते कुणी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. जो चढून येईल त्याला शिकवायच्या. ओवरीतल्या फळीवर त्यांची यंत्रं मांडलेली असायची. जुनी, नवी, देशी, परदेशी. एकाची चिप दुसऱ्याशी जुळणारी नाही.

धनाजी ज्येष्ठात तापाने गेला.

त्याच्यामागे भोंगा वाजत राहिला. दिवसातून दोनदा. वाजला की आई हातातलं काम ठेवून उंबऱ्यापर्यंत यायची. कुणी येणार नाही हे तिला ठाऊक होतं. तरी यायची.

मग पावसाळ्यात खाऱ्या वाऱ्याने डबा खाल्ला. आतल्या पट्टीला हिरवा गंज चढला, आणि भोंगा थांबला. ती चिप आता येत नाही, असं तालुक्याच्या दुकानदाराने सांगितलं. नवीन आली आहे, ताकदीची आहे, पण जात वेगळी.

आईने त्या दिवशी दोन वेळा विचारलं, "आज वाजला नाही का रे?"

कमळाकरने नवीन डबा आणला.

आठवीत शाळा सोडलेला पोर. खेकडे धरावे, मिठागरात राबावं, चिडला की भिंतीवर मूठ मारावी. पण प्रोग्राम वाचायला त्याला भावाने शिकवलं होतं, चुलीपुढे बसून, एकेक शब्द बोटाने दाखवत. दादाच्या तेराव्याला त्याने खाडीत कंबरभर उभं राहून शपथ घेतली होती. दादाच्या हातचं एक अक्षर बदलणार नाही.

आणि इथेच घोटाळा झाला.

...

पहिल्यांदा तो माईंकडे आला तेव्हा जुन्या चिपमधले सगळे आकडे काढून घेऊन आला होता. जसेच्या तसे. ते त्याने नव्या चिपमध्ये घातले होते, आणि नवी चिप मख्ख बसली होती.

"एक आकडा इकडचा तिकडे केला नाही," तो म्हणाला होता. "तरी चालत नाही."

"हे आकडे धनाजीने लिहिले?" माईंनी विचारलं.

"डब्यात हेच होते."

"तुझ्या आईने तुला भात वाढला. तू जेवलास. पोटात त्याचं जे झालं, ते काढून पाहुण्याला वाढशील का?"

कमळाकर तोंड उघडं टाकून बघत राहिला. मग हसला. भाऊ गेल्यापासून पहिल्यांदा हसला, आणि हसता हसता त्याचं नाक वाहायला लागलं.

"भात घेऊन ये," माई म्हणाल्या.

भात म्हणजे धनाजीने माणसाच्या शब्दांत लिहिलेला मूळ प्रोग्राम. तो घरी लॅपटॉपमध्ये होताच. कमळाकरने तो नव्या चिपसाठी उतरवून घेतला. नव्या चिपने तो आपल्या पद्धतीने पचवला, आपले वेगळे आकडे करून घेतले. भोंग्याची तार कुठे जोडली आहे एवढं बदलावं लागलं, पण वरती धनाजीनेच लिहून ठेवलं होतं, 'तार बदलली तर इथे बदला.' म्हणजे दादाची परवानगी होती. शपथ शाबूत राहिली.

काल सकाळी भोंगा वाजला. आई उंबऱ्यापर्यंत आली. कमळाकर बांधावरून ओरडत घरापर्यंत धावला.

संध्याकाळी सगळे बांधावर जमले. भरती आली, उघाडीच्या फळ्यांना लागली, वर चढली. भोंगा वाजला नाही. फळ्या आधीच टाकलेल्या होत्या म्हणून निभावलं.

बांधाचा कारभार बघणारे हाशाकाका खांबाखाली उभे राहून म्हणाले, "कमळ्या, हा भोंगा आहे की जावई? एकदा बोलला की रुसून बसतो."

लोक हसले. कमळाकरने मूठ वळली.

"हसण्यावारी नको नेऊ," हाशाकाका मग हळू आवाजात म्हणाले. "सर्वपित्रीला मोठं उधाण आहे. भात पोटरीला आलंय, आता कणसं बाहेर पडतील. तोपर्यंत दोन्ही भरत्यांना वाजला तर ठेवू. नाहीतर शहरातून तयार भोंगा मागवतो, आणि हा खांबावरून उतरवतो. धनाजी मलाही पोरासारखा होता. पण भात सगळ्यांचं आहे."

आईने घरी काही विचारलं नाही. फक्त म्हणाली, "वर्ष झालं नाही, म्हणून यंदा पितरांत त्याचं पान नाही. मला वाटलं, भोंगा तरी असेल."

म्हणून कमळाकर सकाळी उठून टेकडी पळत चढला होता.

...

"माई, यंत्र खराब आहे का?"

"नाही."

"भोंगा?"

"नाही."

"मग काय आहे?"

माईंनी सूप बाजूला ठेवलं. देवळाकडे बघितलं.

देवळात अजून घटिकापात्राची रीत होती. अंगणातल्या दगडी कुंडात तांब्याची एक लहान वाटी तरंगत असे. तिच्या तळाला बारीक भोक. भोकातून पाणी हळूहळू आत यायचं, वाटी भरायची, आणि डुबुक करून बुडायची. एक घटका झाली. मग सोपान गुरव घंटेचा टोला द्यायचा, वाटी काढून रिकामी करायचा, पुन्हा तरंगत सोडायचा. पक्षपंधरवड्यात उजाडल्यापासून नैवेद्य होईपर्यंत हे चाले. सोपानचा बाप हेच करायचा, त्याचा बापही.

आत्ताच वाटी बुडाली. टोला पडला.

"सोपानराव," माईंनी हाक मारली, "पिंडीवरचं अभिषेकपात्र काढून आणा."

अभिषेकपात्र म्हणजे पिंडीवर टांगलेली तांब्याची मोठी गळती. तिच्याही तळाला भोक.

"ते कशाला?"

"वाटीच्या जागी सोडायचं आहे."

सोपान गुरवाने कमळाकरकडे बघितलं, मग माईंकडे. "माई, ते देवाचं आहे."

"देवाला घाई नाही."

सोपान पुटपुटत आत गेला आणि पात्र घेऊन आला. माईंनी लहान वाटी कुंडातून काढून काठावर पालथी घातली. मोठं पात्र पाण्यावर सोडलं. ते डौलात तरंगायला लागलं.

"बघ," त्या कमळाकरला म्हणाल्या.

"काय बघू?"

"बुडलं की सांग."

त्या परत जाऊन तांदूळ निवडायला बसल्या.

कमळाकर कुंडाच्या काठावर बसला. पात्राच्या तळाशी पाण्याचा एक लहानसा झरा उसळत होता. उन्हं अंगणात उतरली. एक कावळा येऊन कुंडाच्या काठावर बसला, पाणी प्यायला, गेला. कमळाकरने पाय हलवले. मान मोडली. उभा राहिला. बसला.

"गुरवबाबा, घटका झाली असेल ना?"

"झाली असेल."

"मग टोला द्या ना."

"बुडल्याशिवाय कसा देऊ? पात्र बुडाल्यावरच देतो आम्ही."

"पण घटका झाली ना?"

"झाली असेल म्हणालो. झाली असं कोण म्हणालं?"

कमळाकरने कपाळावर हात मारला. माईंच्या सुपातून एक खडा अंगणात येऊन पडला.

आणखी वेळ गेला. पात्रात पाणी चढत होतं, पण एवढ्या मोठ्या पोटात त्याचा पत्ता लागत नव्हता. सोपान गुरव घंटेची दोरी हातात धरून ताटकळला होता. त्याच्या चेहऱ्यावर, नवरीकडची मंडळी वाटेत अडकल्यावर भटजींच्या चेहऱ्यावर येते तशी कळा आली होती.

"बुडलं का?" माईंनी विचारलं.

"नाही."

"का?"

"भोक तर तेवढंच दिसतंय..." कमळाकर वाकून बघत म्हणाला. "पाणी तेच. कुंड तेच. पण पात्र मोठं आहे. हे भरायला दिवस जाईल. गुरवबाबांनी तोपर्यंत टोला..."

तो थांबला.

...

त्याने डबा उचलला. झाकणाची सुतळी सोडली. आत बघत राहिला, जणू तिथे काही दिसणार होतं.

जुनी चिप लहान होती. तिच्यात आकडा ठेवायची जागा लहान होती. मोजत मोजत ती जागा भरली की सांडायची आणि मोजणी आपोआप शून्यावर यायची. धनाजीने मोजणीच्या ठोक्याचा वेग असा बसवला होता की एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत ती जागा बरोबर एकदा भरावी. मोजणी ठरल्या खुणेला आली की भोंगा. मग भरून सांडणं, पुन्हा शून्य, पुन्हा खूण, पुन्हा भोंगा. दादाने खाडीची भरती-ओहोटी एका चिमुकल्या वाटीत बसवली होती.

नव्या चिपचं पात्र मोठं होतं. मोजणी काल सकाळी खुणेला आली, भोंगा वाजला, आणि ती तशीच पुढे चालत राहिली. भरत नव्हती. सांडत नव्हती. पुन्हा खुणेला यायला तिला किती काळ लागला असता देव जाणे. तोवर तर कमळाकर म्हातारा झाला असता.

"दादाने रिकामं करायचं कुठे लिहिलंच नाही," तो म्हणाला.

"नाही."

"वाटी आपोआप बुडायची, म्हणून..."

"हं."

कमळाकरचा चेहरा हळूहळू तांबडा झाला. तो उठून उभा राहिला.

"म्हणजे दादा चुकला, असं म्हणायचंय तुम्हाला."

माई तांदूळ निवडत राहिल्या.

"तुम्हीच शिकवलंत ना त्याला? मग तेव्हा का नाही सांगितलंत? तो मेल्यावर आता चुका काढता त्याच्या? तो रात्र रात्र जागलाय त्या डब्यासाठी. लोक हसले त्याला. तुम्ही इथे तांदूळ निवडत बसा. मी शपथ घेतली आहे. मी त्यात एक अक्षर घालणार नाही. उतरवू देत भोंगा. उतरवू देत."

त्याने डबा अंगणात टाकला. डबा गडगडत जाऊन तुळशीच्या ओट्याला लागला.

सोपान गुरवाने घंटेची दोरी सोडली आणि नजर वळवली.

माई उठल्या. सावकाश चालत गेल्या. डबा उचलला, पदराने पुसला, आणून कमळाकरच्या पुढ्यात ठेवला.

"चूक नव्हती," त्या म्हणाल्या. "त्याला वाटलं, हाच डबा राहील."

...

"आणि वाटलं," माई पुढे म्हणाल्या, "तोही राहील."

कमळाकर उभ्या उभ्या खाली बसला. कुंडाच्या काठावर कपाळ टेकलं. त्याच्या पाठीत उमाळे येत होते, पण आवाज येत नव्हता. पाण्यावर पात्र तरंगत होतं. माई जवळ आल्या नाहीत, लांबही गेल्या नाहीत.

खूप वेळाने त्याने डोळे पुसले. शर्टाच्या बाहीने, लहान मुलासारखे.

मग त्याने काठावरची लहान वाटी उचलली.

"गुरवबाबा, गंध आहे का?"

"गंध?"

"उगाळलेलं. देवाचं."

सोपानने सहाणेवरचं गंध बोटभर आणून दिलं. कमळाकरने मोठं पात्र पाण्यातून काढलं, रिकामं केलं. भोकावर अंगठा दाबून धरला. लहान वाटीच्या भोकावर दुसरं बोट धरून ती काठोकाठ भरली आणि मोठ्या पात्रात ओतली. तळाशी थोडंसं पाणी जमलं. ते जिथपर्यंत आलं, तिथे त्याने आतून गंधाची रेघ ओढली.

पाणी सांडून टाकलं. पात्र पुन्हा कुंडात सोडलं.

झरा उसळत राहिला. पाणी रेघेकडे चढलं. रेघेला टेकलं.

कमळाकरने दोन्ही हातांनी पात्र उचललं आणि उपडं केलं.

"द्या टोला," तो म्हणाला.

सोपान गुरव घुटमळला. बुडलं तर नव्हतं. त्याच्या बापाने, बापाच्या बापाने कधी असा टोला दिला नव्हता. त्याने माईंकडे पाहिलं. माई यंत्रांच्या फळीकडे बघत होत्या.

सोपानने दोरी ओढली.

टोला टेकडीवरून खाली उतरला, बांधावरून, भातावरून, खाडीपलीकडे गेला. नेहमीसारखाच. खालच्या माणसांना वाटी लहान की मोठी, काय कळणार होतं.

कमळाकर घरी जाऊन लॅपटॉप घेऊन आला, आणि ओवरीत बसून त्याने तो उघडला. धनाजीच्या ओळी पडद्यावर आल्या. त्याने त्या वरपासून खालपर्यंत वाचल्या, चुलीपुढे वाचायचा तशा, बोट फिरवत. शेवटाजवळ त्याचं बोट थांबलं.

"इथे घालू?"

माई सुपाकडे वळल्या.

"इथेच घालतो."

मोजणी एवढी झाली की रिकामी कर. एवढंच त्याने लिहिलं. एक ओळ. दादाच्या ओळींच्या मध्ये ती कशी दिसेल याची त्याला भीती वाटली होती. लिहून झाल्यावर त्याने मागे सरकून पाहिलं.

ती वेगळी दिसत नव्हती.

...

त्या संध्याकाळी भोंगा वाजला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाजला. संध्याकाळी वाजला. हाशाकाका दोन्ही वेळा मुद्दाम खांबाखाली येऊन बसले, तंबाखू मळत, कानाला हात लावून. तिसऱ्या दिवशी आलेच नाहीत. कमळाकरने घरी जाऊन विचारलं तर म्हणाले, "जावई नांदायला लागल्यावर सासऱ्याने कशाला लक्ष ठेवायचं?"

आई रोज उंबऱ्यापर्यंत येत होती. एकदा ती उंबरा ओलांडून अंगणात आली, आणि शेजारणीला म्हणाली, "आमचा भोंगा झाला. चला, वेळ झाली."

खाडीपलीकडच्या गावाने निरोप पाठवला. त्यांच्याकडे तिसऱ्याच जातीचं यंत्र होतं, कुणीतरी देणगी दिलेलं, धूळ खात पडलेलं. कमळाकर होडीने गेला, लॅपटॉप प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून. वरची भोंग्याच्या तारेची ओळ बदलली. खालचं काही बदललं नाही. वाजला. तिथल्या एका म्हाताऱ्याने विचारलं, "कुणी बनवला?" कमळाकरने नुसतं पाण्याकडे बोट केलं. म्हाताऱ्याने समजल्यासारखी मान हलवली.

मग त्याला नादच लागला. माईंच्या फळीवरचं एकेक यंत्र त्याने खाली काढलं. धूळ झटकली. प्रत्येकात दादाचा प्रोग्राम घातला, भरतीला धरून मोजणी सुरू केली, आणि बोटाएवढा एक छोटा भोंगा जोडला. कुठे चिप तांदळाएवढी, कुठे तळहाताएवढी. एका यंत्राचं पोट त्या जुन्या डब्यापेक्षाही लहान निघालं, त्यात मोजणी खुणेपर्यंत पोचायच्या आधीच सांडायला लागली. कमळाकर दोन दिवस त्याच्याशी भांडला. तिथे त्याने मोठ्या आकड्याला दोन वाट्यांत वाटून ठेवलं, आणि ते कसं केलं हे माईंना सांगायला विसरून गेला, कारण तो पुढच्या यंत्राकडे वळला होता.

माई तांदूळ निवडत होत्या.

...

सर्वपित्रीच्या दिवशी कमळाकर नैवेद्याचं ताट घेऊन टेकडीवर आला. आईने पाठवलं होतं. वड्या, खीर, आळूची भाजी. उघाडीची पाळी आज त्याची होती. पूर्वी ह्या दिवशी ती धनाजीची असायची.

"आज मोठं उधाण आहे," तो म्हणाला.

"हो."

"भीती वाटत नाही मला."

माईंनी ताटावरचं केळीचं पान उचलून बघितलं. "खीर तुझ्या आईने केली?"

"हो."

"गूळ जास्त घातलाय."

"दादाला तशी लागायची."

सोपान गुरव नैवेद्य मांडायला आत गेला. घटिकापात्राची लहान वाटी कुंडात परत आलेली होती. मोठं पात्र पिंडीवर टांगलेलं होतं, आतल्या बाजूला गंधाची पुसट रेघ तशीच. सोपानने ती धुतली नव्हती.

ऊन डोक्यावर येत होतं. खाली खाडी फुगायला लागली होती. बांध लांबून काळ्या दोऱ्यासारखा दिसत होता, आणि त्याच्या अलीकडे सगळं हिरवं. बांधावर माणसांचे ठिपके जमत होते.

कमळाकर ओवरीच्या दाराशी उभा होता.

वाटी बुडाली. सोपानने बाहेर येऊन टोला दिला.

आणि टोल्याचा नाद हवेत असतानाच फळीवरचं पहिलं यंत्र वाजलं. मग दुसरं. मग तिसरं, चौथं, मग सगळीच. कुणी किनऱ्या आवाजात, कुणी घोगऱ्या, कुणी नुसतं गुरगुरत. सोपान घाबरून मागे सरला. देवळावरची कबुतरं उडाली. तेवढ्यात खालून, बांधावरच्या खांबावरून, मोठा भोंगा ओरडला, लांब, एका दमात. आणि त्याच्यामागून खाडीपलीकडचा.

सगळे एकदम. एकाच भरतीला.

कमळाकर हसत होता आणि त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, आणि त्या पुसायचं त्याला भान नव्हतं. खाली एका अंगणात एक ठिपका उंबऱ्याबाहेर आलेला त्याला दिसला, की दिसला असं वाटलं. तो फळीकडे वळला. कानठळ्या बसवणाऱ्या त्या कल्लोळात त्याने एकेका यंत्राकडे पाहिलं. लहान, मोठं, देशी, परदेशी.

"माई," त्याने आवाज चढवून विचारलं, "ह्यातला दादा कोणता?"

माईंनी हातातलं केळीचं पान बाजूला ठेवलं. खाडीकडे बघितलं.

"भरती आली," त्या म्हणाल्या. "उघाडी लाव, जा."